घरचे पौष्टिक बार: बांधणी जमली की बाकीचं आपोआप जमतं

घरी बार करायचे म्हटलं की सगळी चर्चा सुक्यामेव्याची होते. बदाम घालायचे की काजू, बिया किती प्रकारच्या, वरून चॉकलेट हवं का. मग साच्यातून काढताना त्या महागड्या ऐवजाचा भुगा होतो, नाहीतर बार इतका चिवट होतो की चावताना जबडा दुखतो. बदामात काही बिघडलेलं नसतं. बिघडलेली असते ती बांधणी, म्हणजे सगळं एकत्र धरून ठेवणारा चिकट भाग: खजूर, मध, शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर. तिचं प्रमाण आणि तिच्यातला ओलावा सांभाळला तर उरलेल्या घटकांत तुम्ही हवी तशी अदलाबदल करू शकता. म्हणून हा लेख दोन मूळ कृतींभोवती लिहिला आहे, एक बिनभाजणीची आणि एक ओव्हनमधली. या दोन हातात बसल्या की तिसरी कुठे शोधायची गरज पडत नाही.

सुरुवातीलाच एक विनंती. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. एक कप खजूर म्हणजे नेमका किती, हे खजूर मऊ आहे की सुका आणि तुम्ही तो किती दाबून भरला यावर ठरतं. बारमध्ये ३० ग्रॅमचा फरकसुद्धा जाणवतो. खाली सगळी मापं ग्रॅममध्येच दिली आहेत.

पौष्टिक म्हणजे नक्की काय

घरी केलं म्हणून कुठलीही गोष्ट आपोआप पौष्टिक होत नाही. बदामात १०० ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी असतात, खजुरात २८०च्या आसपास, ओट्समध्ये ३८०, मधात ३०० आणि वर थोड्या. पाणी कमी असलेले हे घटक दाबून बसवले की छोट्याशा तुकड्यात बरीच ऊर्जा मावते. डोंगर चढायला निघालेल्या माणसाला हेच हवं असतं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याने मात्र चहाबरोबर तीन बार खाल्ले तर ते जवळजवळ एका जेवणाइतकं होतं. म्हणून बार ४० ग्रॅमचा कापा आणि एका वेळी एकच खा, एवढा नियम पुरे.

साखरेचं गणितही डोळ्यांसमोर असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मध या हिशेबात साखरेबरोबरच धरला जातो, तो नैसर्गिक आहे म्हणून त्याला सूट नाही. अख्खा खजूर या यादीत नसतो, पण खजुराच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते, आणि त्याची पेस्ट केली की ती साखर अख्ख्या फळातल्यासारखी पेशींत बंदिस्त राहत नाही. ‘साखरविरहित’ म्हणून खजुराचे बार मिरवले जातात ते मला पटत नाही. त्यांत तंतू आणि खनिजं असतात, चवही खोल असते, पण गोड ते गोडच.

सुके घटक: भाजणं आणि भरड

ओट्स घेताना चपटे केलेले, पाकळीसारखे दिसणारे, साधे रोल्ड ओट्स घ्या. झटपट शिजणारे बारीक ओट्स बांधणीतला ओलावा पटकन शोषतात आणि बारचा पोत पिठूळ होतो. दाण्याचे तुकडे केलेले ओट्स तर घेऊच नका. ते शिजल्याशिवाय मऊ होत नाहीत, बारमध्ये खड्यासारखे लागतात.

भाजण्याच्या पायरीला बरेच जण फाटा देतात, आणि चवीतला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. कोरड्या उष्णतेत दाण्यातली प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन खमंगपणा येतो, आतला उरलासुरला ओलावाही उडतो. ओलावा गेलेला दाणा बारमध्ये जास्त दिवस कुरकुरीत राहतो. ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर ठेवून ओट्स १० ते १२ मिनिटं भाजा, मध्ये एकदा हलवा. बदामालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बियांना ५ ते ७ मिनिटं पुरतात, तिळाला त्याहूनही कमी. सगळं एकाच ट्रेमध्ये पसरून वेळ वाचवायला गेलात तर बदाम कच्चे राहतात आणि तीळ करपतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. इथे घड्याळापेक्षा नाक आणि कान जास्त उपयोगी. ओट्सचा कच्चा, पिठासारखा वास जाऊन खमंग वास सुटला की झाले. भोपळ्याच्या बिया तडतडतात आणि फुगून गोल होतात. बदाम मधोमध तोडून पाहा: आतून पांढरट असेल तर अजून थोडा वेळ, फिक्या बदामी रंगावर आला की लगेच उतरवा. लगेच म्हणजे खरोखर लगेच, दुसऱ्या थंड ताटात. गरम कढईत ठेवलेला दाणा आच बंद केल्यावरही भाजत राहतो, आणि करपलेल्या बदामाचा कडूपणा कितीही मधाने झाकला जात नाही.

भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्या, मगच भरड करा. गरम बदाम मिक्सरमध्ये घातले तर तेल सुटून त्याचा लगदा व्हायला लागतो. मिक्सर सलग चालवू नका, थांबत थांबत, एक-दोन सेकंदांचे झटके द्या. भरड एकसारखी नसली तरच चांगली. काही तुकडे मसुराएवढे, काही रव्याएवढे. मोठा तुकडा दाताखाली येतो आणि बारीक भरड त्यांच्यामधल्या फटी भरते. सगळेच तुकडे मोठे असतील तर बार फटींच्या जागी मोडतो.

जवस घालणार असाल तर ते भाजून पूड करून घाला, कारण अख्खा जवस बरेचदा न पचता तसाच बाहेर पडतो. पूड मात्र लागेल तेवढीच करा, ती लवकर खवट होते. चिया बियांचा मोह आवरा. त्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून घेतात. एखादा मोठा चमचा ठीक, त्यापुढे गेलात तर आज मऊ वाटलेला बार उद्या कोरडा पडतो.

बांधणी

खजुराची बांधणी दाट, मऊ आणि चिवटसर असते. तिला भाजायची गरज नसते. मधात साधारण १७-१८ टक्के पाणी आणि बाकी जवळजवळ सगळी साखर असते, त्यातही फळसाखर जास्त. ती हवेतला ओलावा ओढते, म्हणून मधाचे बार मऊ राहतात, पण दमट हवेत चिकटही होतात. शेंगदाणा बटर किंवा बदाम बटर चिकटपणापेक्षा जडपणा देतं. नुसत्या बटरवर बांधलेला बार हातात धरल्या धरल्या मऊ पडतो. त्याला मधाची किंवा खजुराची जोड हवीच. बटर घेताना डब्यावरची घटकांची यादी वाचा: दाणे आणि फार तर मीठ, एवढंच असेल तर उत्तम.

पिकलेलं केळं किंवा सफरचंदाचा गर घालूनही बार बांधता येतो, पण तो खरं तर चौकोनी केकच. पाणी खूप असल्यामुळे तो भाजावाच लागतो आणि फ्रिजमध्ये ठेवूनही तीन-चार दिवसांतच संपवावा लागतो. या लेखात मी त्याच्या वाटेला जात नाही.

प्रमाणाबद्दल एक ढोबळ आडाखा: खजुराच्या बारमध्ये सुके घटक आणि बांधणी वजनाने जवळजवळ निम्मे-निम्मे, मधाच्या भाजलेल्या बारमध्ये सुक्याचे तीन भाग तर बांधणीचे दोन. कमी मधात भागवायचं असेल तर अंड्याचा पांढरा बलक मदतीला येतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

कृती पहिली: खजुराचे बिनभाजणीचे बार

बी काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजलेले बदाम १०० ग्रॅम, भाजलेले ओट्स ८० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ५० ग्रॅम, शेंगदाणा बटर ४० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर १० ग्रॅम, पाव छोटा चमचा मीठ. साचा साधारण २० बाय १५ सेंटिमीटरचा. यातून ४० ग्रॅमचे १२ बार होतात.

खजुराचं वजन बी काढल्यावर करा. ‘बी काढलेला’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटांनी दाबून बघा. एखादं बी हमखास राहिलेलं असतं, आणि ते मिक्सरच्या पात्याला परवडत नाही. खजूर बोटाने दाबल्यावर सहज दबला तर तसाच वापरा. कडक, सुरकुतलेला असेल तर गरम पाण्यात १० मिनिटं भिजवा, चाळणीत निथळा आणि स्वच्छ कापडावर टिपून कोरडा करा. टिपायचा कंटाळा करू नका. खजुराला चिकटून आलेलं पाणी आधी बार लिबलिबीत करतं आणि चार दिवसांनी त्यावर बुरशी आणतं.

आधी बदामाची भरड करून बाजूला काढा. बियांना मिक्सरमध्ये एक-दोन झटके पुरतात. ओट्समधले निम्मे बारीक करा, निम्मे तसेच ठेवा. आता रिकाम्या भांड्यात खजूर घाला. पहिल्यांदा त्याचे तुकडे होऊन ते भांड्याच्या कडेला उडतील. थांबून चमच्याने खाली ओढा, पुन्हा फिरवा. थोड्या वेळात तुकडे एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा एक चकचकीत, जड गोळा होऊन पात्याभोवती फिरायला लागतो, मिक्सरचा आवाजही बदलतो. तिथे थांबा. मोटर गरम झाली असेल तर मध्येच विश्रांती द्या. छोट्या मिक्सरमध्ये २०० ग्रॅम खजूर एकदम न घालता दोन खेपांत करा.

हा गोळा परातीत काढून त्यात शेंगदाणा बटर, कोको आणि मीठ घाला. हाताला तेलाचं बोट लावून आधी एवढंच नीट मळा. कोकोचे पांढरट-तपकिरी पट्टे दिसेनासे झाले की सुके घटक दोन-तीन वेळा विभागून मिसळा. सुरुवातीला वाटेल की एवढं सगळं यात सामावणारच नाही. तीन-चार मिनिटं मळत राहा, हाताच्या उबेने खजूर सैल होतो आणि सामावतं.

आता मुठीची परीक्षा. एक चमचाभर मिश्रण मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे उमटलेला, अखंड तुकडा राहिला तर जमलं. तो मधोमध मोडून बघा: मोडताना खजुराचे बारीक धागे ताणले जायला हवेत. भुरभुरत असेल तर एक छोटा चमचा शेंगदाणा बटर किंवा मध घाला. पाणी घालू नका. उलट फारच चिकट असेल तर मोठा चमचाभर ओट्सचं पीठ घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. ओट्सना ओलावा शोषायला वेळ लागतो. तो वेळ न देता चमच्यामागून चमचे पीठ घालत गेलात तर तासाभराने बार कोरडा झालेला असेल.

साच्यात बटर पेपर असा घाला की त्याच्या दोन बाजू बाहेर लोंबतील, पुढे उचलायला त्याच कामी येतात. मिश्रण आधी कोपऱ्यांत दाबा, मग कडांना, शेवटी मध्यभागी. बहुतेकांचं उलट होतं, त्यामुळे मधे टेकाड आणि कोपरे पोकळ राहतात. वरून बटर पेपरचा दुसरा तुकडा ठेवून सपाट बुडाच्या वाटीने अंगाचा भार देऊन दाबा. साधं थापटून चालत नाही. आतली हवा निघेपर्यंत दाबायचं. मग फ्रिजमध्ये किमान दोन तास.

कापताना अख्खी लादी बटर पेपरसकट बाहेर काढून पाटावर ठेवा, लांब पात्याची सुरी सरळ वरून खाली दाबा. करवतीसारखी पुढे-मागे केलीत तर बदामाचे तुकडे ओढले जाऊन कड फाटते. दोन-तीन कापांनंतर पातं ओल्या फडक्याने पुसा.

अशा एका बारमध्ये साधारण १६५ कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू आणि ११ ग्रॅमच्या जवळपास साखर येते. ती साखर बहुतेक खजुराचीच. कमी गोड हवा असेल तर खजूर १६० ग्रॅमवर आणा आणि शेंगदाणा बटर ७० ग्रॅम करा. बार किंचित ठिसूळ होईल, पण कोकोचा कडसरपणा छान वर येतो. मला स्वतःला हाच जास्त आवडतो.

कृती दुसरी: मध आणि ओट्सचे भाजलेले बार

ओट्स १८० ग्रॅम, बदाम किंवा अक्रोड ९० ग्रॅम, सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया मिळून ५० ग्रॅम, बेदाणे किंवा बारीक चिरलेली सुकी जर्दाळू ५० ग्रॅम, मध १३० ग्रॅम, शेंगदाणा बटर ११० ग्रॅम, कुठलंही सौम्य वासाचं तेल २० ग्रॅम, अर्धा छोटा चमचा मीठ, हवी तर दालचिनी. साचा २० सेंटिमीटर चौकोनी. १६ बार होतात.

ओट्समधले ४० ग्रॅम बारीक पीठ करून घ्या. हे पीठ फटींमधून शिरून बांधणीला धरतं. ते गाळलं तर बार सुटतात. उरलेले ओट्स, दाणे आणि बिया वर सांगितल्याप्रमाणे भाजा, पण इथे हलकेच, कारण ते पुन्हा ओव्हनमध्ये जाणार आहेत. बेदाणे भाजू नका, ते कडक गोळ्या होऊन बसतात.

मध, शेंगदाणा बटर आणि तेल एका पातेल्यात मंद आचेवर ठेवा. उकळायचं नाही. ढवळताना बटरच्या गुठळ्या विरघळल्या आणि मिश्रण उलथन्यावरून सलग धारेने पडायला लागलं की आच बंद. मीठ याच वेळी घाला, म्हणजे ते सगळीकडे सारखं पसरतं. मग परातीतल्या सुक्या मिश्रणावर ओता आणि एकही ओटचा दाणा कोरडा, पांढरा दिसणार नाही इतकं कालवा.

मध कमी करायचा असेल तर ९० ग्रॅम घ्या आणि एका अंड्याचा पांढरा बलक काट्याने नुसता मोडून मिश्रणात घाला. फेसायचा नाही. मात्र मधाचं मिश्रण कोमट झाल्यावरच घाला, गरम असताना घातला तर त्याचे पांढरे तुकडे होतात. भाजताना बलक घट्ट होतो आणि बार कुरकुरीतपणे बांधला जातो. या बारला मधाची चिवट ओढ नसते, तो खुटखुटीत मोडतो.

साच्यात घट्ट दाबून १६५ अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा. कडा सोनेरी तपकिरी आणि मध्यभाग फिका सोनेरी झाला की काढा. या क्षणी बोट लावलंत तर मिश्रण मऊ लागेल आणि ‘कच्चं राहिलं’ असं वाटून साचा परत आत ढकलायचा मोह होईल. तसं करू नका. गरम मध पातळ असतो, गार होताना तो घट्ट होतो आणि बार तेव्हाच कडक होतो. बाहेर काढल्यावर वाटीने पुन्हा एकदा दाबा, भाजताना वाफेने मिश्रण थोडं फुगलेलं असतं. साच्यातच पूर्ण गार होऊ द्या, जमल्यास अर्धा तास फ्रिजमध्येही ठेवा, आणि मगच कापा. गरम असताना कापलेले बार मोडले तर दोष कृतीला देऊ नका.

या प्रमाणात एका बारमध्ये मधाची साखर साडेसहा-सात ग्रॅम येते. वर दिलेल्या २५ ग्रॅमच्या मर्यादेशी ताडून बघा, म्हणजे दिवसाला एकच का, ते कळेल.

ओव्हन नसणाऱ्यांसाठी वाट अशी: तेच सुके घटक पूर्ण भाजून घ्या, शेंगदाणा बटर आणि तेल बाजूला ठेवा, आणि नुसता मध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर उकळा. तो फेसाळून वर येतो, म्हणून पातेलं मोठं घ्या. १२० अंशांच्या सुमारास त्याची गोळीबंद अवस्था येते. थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही. वाटीभर थंड पाण्यात एक थेंब टाका आणि बोटांनी गोळा करा. थेंब पाण्यात पसरला तर अजून कच्चा. गोळी झाली आणि दाबल्यावर थोडी दबली तर बार चिवटसर होतील, आणि बहुतेकांना तेच हवं असतं. गोळी टणक लागली तर बारही टणक. उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी तर पाण्याच्या परीक्षेवरच भिस्त ठेवावी. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो आणि त्यामुळे पाकाचे आकडेही सरकतात. पाण्यातली गोळी सगळीकडे सारखीच वागते. आच बंद करून लगेच शेंगदाणा बटर, तेल आणि मीठ ढवळा, सुक्या मिश्रणावर ओता आणि झपाट्याने साच्यात दाबा. हातात दोन-तीन मिनिटंच असतात, म्हणून साचा, बटर पेपर आणि वाटी आधीच मांडून ठेवा. उकळता मध कातडीला चिकटून भाजतो, तेव्हा कालवायला हात नको, लाकडी उलथनंच घ्या.

प्रथिनांची पावडर आणि चॉकलेट

पावडर घालायचीच असेल तर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे पहिल्या कृतीत फार तर ४५ ग्रॅम, आणि तेवढे ओट्स कमी करा. दुधाच्या प्रथिनांची पावडर घातलेला बार पहिल्या दिवशी छान मऊ असतो आणि आठवड्याभरात दगड होतो, कारण ती पावडर बांधणीतला ओलावा हळूहळू स्वतःकडे ओढते. वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर त्याहून कोरडी आणि किंचित रवाळ लागते. खरं सांगायचं तर भोपळ्याच्या बियांत १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या आसपास आणि शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिनं असताना, रोजच्या खाण्यातल्या बारला पावडरची गरज क्वचितच पडते.

चॉकलेटचे तुकडे मिश्रणात घालायचे असतील तर मिश्रण पूर्ण गार झाल्यावर घाला. कोको बटर (चॉकलेटमधली चरबी) ३४ अंशांच्या सुमारास, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्या आतच वितळतं, त्यामुळे कोमट मिश्रणातही तुकड्यांचा चिखल होतो. वरून थर द्यायचा तर ७० टक्के कोको असलेलं १०० ग्रॅम चॉकलेट आणि एक छोटा चमचा तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, गेला तर चॉकलेट आळून खरबरीत गोळा होतं. थर अर्धवट घट्ट झाला की सुरीने कापायच्या रेघा मारून ठेवा. पूर्ण कडक झाल्यावर कापलात तर तो हवा तिथे न तुटता वाटेल तिथे तडकतो. काही दिवसांनी त्यावर पांढरट झाक आली तर ती बहुतेक वेळा वर आलेल्या कोको बटरची असते, बुरशी नव्हे. खायला हरकत नाही.

कोणी खाऊ नये, कोणाला जपून द्यावे

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, भाजलेल्या पदार्थातलासुद्धा. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून गंभीर विषबाधा होऊ शकते. भाजण्याच्या उष्णतेने ते मरत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा त्यांचे मोठे तुकडे घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी सगळी भरड अगदी बारीक करा आणि मूल बसून खात असेल तेव्हाच द्या.

शेंगदाणा, बदाम-अक्रोडासारखे दाणे आणि तीळ, तिन्हींची ॲलर्जी असणारी माणसं असतात. दुसऱ्यांसाठी बार नेताना घटक आधीच सांगा. दाणे पूर्ण टाळायचे असतील तर त्याच वजनाच्या सूर्यफुलाच्या बिया आणि त्यांचंच बटर वापरता येतं. त्यात एक गंमत आहे: सूर्यफुलाच्या बियांबरोबर खाण्याचा सोडा घातला तर भाजलेला पदार्थ गार होताना आतून हिरवट होतो. निरुपद्रवी असतं, पण पाहणारा दचकतो. वरच्या कृतींत सोडा नाही, त्यामुळे ती अडचण येणार नाही. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी तसा स्पष्ट उल्लेख असलेलेच ओट्स घ्यावेत. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन मुळात नसतं, पण शेतापासून गिरणीपर्यंत गहू त्यात सहज मिसळतो.

साठवण, आणि बिघडलं तर

बार एकमेकांना चिकटतात, म्हणून थरांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात ठेवा. बाहेर साधारण आठवडा, फ्रिजमध्ये दोन ते तीन आठवडे, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. उन्हाळ्यात किंवा दमट हवेत बाहेर ठेवूच नका. फ्रीझरमध्ये ठेवताना एकेक बार वेगळा गुंडाळा, म्हणजे हवा तेवढाच काढता येतो. खजुराचा बार पंधरा-वीस मिनिटांत खाण्याजोगा होतो. बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थंड बारवर जमून तो ओला होतो. जुन्या तेलासारखा किंवा तैलरंगासारखा वास आला तर दाण्यांतलं तेल खवट झालं आहे, बार टाकून द्या. अक्रोड आणि जवस यात सगळ्यात आधी बिघडतात. विकत घेतानाच एक दाणा चावून बघावा, कारण खवट अक्रोड भाजूनही सुधारत नाही.

मधाचे बार दुसऱ्या दिवशी मऊ पडले तर बहुधा ते नीट गार होण्याआधीच डब्यात बंद झालेले असतात. १५० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा गरम करून उघड्यावर गार करा, पुष्कळ सुधारतात. कोरडे पडलेले खजुराचे बार हवाबंद डब्यात सफरचंदाच्या फोडीबरोबर रात्रभर ठेवा, फोड सकाळी काढून टाका आणि बार दोन दिवसांत संपवा. जे काही केल्या धरतच नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. हाताने मोडून ट्रेवर पसरा, १५० अंशांवर खुटखुटीत होईपर्यंत भाजा आणि बरणीत भरा. सकाळी दुधात किंवा दह्यावर घालून खाता येतात, आणि पुढच्या खेपेला बांधणी वीस ग्रॅमने वाढवा.